यूज की रिक्वायर? पर्लमध्ये मॉड्यूल लोड करताना

पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेत मॉड्यूल, म्हणजे वेगळ्या फाइलीतला तयार कोड, लोड करायला यूज आणि रिक्वायर असे दोन शब्द आहेत. दोन्ही फाइल शोधतात त्याच 'ॲट आयएनसी'च्या, म्हणजे ठरलेल्या फोल्डरांच्या, यादीत, आणि एकदा लोड झालेली फाइल पुन्हा वाचत नाहीत. फरक वेळेचा. यूज प्रोग्रॅम कंपाइल होतानाच, म्हणजे तो चालू लागण्याआधीच, चालतं आणि मॉड्यूलचं इम्पोर्टही, म्हणजे त्यातली फंक्शनं आपल्या कोडमध्ये आणणंही, करून टाकतं. रिक्वायर त्याची ओळ येईल तेव्हा चालतं, इम्पोर्टचं तुम्ही बघायचं.

रिक्वायरची बाजू लंगडी नाही. क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी प्रोग्रॅम चालवणाऱ्या सोयीतून, दर मिनिटाला उठणाऱ्या छोट्या स्क्रिप्टवर जड मॉड्यूलचं ओझं कशाला? मॉड्यूलचं नाव कॉन्फिगमधून, म्हणजे सेटिंगच्या फाइलीतून, येत असेल तर साधं यूज चालतच नाही. पण नाव स्ट्रिंगमध्ये, म्हणजे नुसता मजकूर म्हणून, असलं की रिक्वायर त्यातल्या दोन कोलनचा स्लॅश करत नाही, मागे 'डॉट पीएम' हे फाइलचं एक्स्टेन्शनही लावत नाही. जे दिलं त्याच नावाची फाइल शोधतं. अशा ठिकाणी मॉड्यूल::लोड बरं, 5.10 पासून ते पर्लबरोबरच येतं.

तरी माझा कल यूजकडे आहे, आणि तो ठरला इथल्या, इंदूरच्या सियागंज बाजारातल्या एका व्यापाऱ्याच्या महिनाअखेरच्या हिशेबाने. प्रोग्रॅम जुना. एक्सेल महिन्यातून एकदाच काढायचं, म्हणून एक्सेल::रायटर::एक्सएलएसएक्स त्या सबरुटीनच्या आत रिक्वायरने घेतलेलं. मध्यंतरी सर्व्हर बदलला, नव्यावर हे मॉड्यूल नव्हतं. रोजची बिलं मात्र बिनबोभाट निघत होती. प्रोग्रॅम न चालवता तपासणाऱ्या 'पर्ल मायनस सी'ने तपासलं तरी उत्तर 'सिंटॅक्स ओके', कारण त्यात यूज चालतं, रिक्वायर नाही. शेवटच्या तारखेला संध्याकाळी मुनीमजी शीटसाठी खोळंबलेले आणि स्क्रीनवर 'कान्ट लोकेट'! सीपॅनवरून, म्हणजे पर्ल मॉड्यूलांच्या ऑनलाइन साठ्यातून, मॉड्यूल उतरवून दुकान वाढवायच्या आत शीट दिली खरी. पण तीच ओळ फाइलच्या वरच यूज म्हणून असती, तर नव्या सर्व्हरवर पहिल्याच बिलाला प्रोग्रॅम अडला असता, आणि तेव्हा हाताशी भरपूर दिवस होते.

यूजमुळे सुरुवातीला लागणारा जास्तीचा वेळ मला तरी कधी जाचला नाही. सतत चालू राहणाऱ्या सर्व्हिसमध्ये तो एकदाच लागतो. तुमची मॉड्यूलं फार जड असतील तर कदाचित वेगळं वाटेल.

एक मात्र सांभाळा: इफच्या आत लिहिलेलं यूजसुद्धा अट न बघता चालतं. असलं तर वापरू, नसलं तर सोडू, अशा मॉड्यूलसाठी इव्हॅलमध्ये, म्हणजे चूक झाली तरी प्रोग्रॅम बंद पडू न देणाऱ्या ब्लॉकमध्ये, रिक्वायरच हवं. तो इव्हॅलही मी फाइलच्या सुरुवातीलाच ठेवतो आणि मॉड्यूल नसेल तर लगेच लॉगमध्ये लिहायला लावतो.