लायट्रो, इलम की पोस्ट फोकस? फोटो काढल्यावर फोकस बदलणाऱ्या कॅमेऱ्यांची चाचणी आणि निवड

लायट्रो कंपनीचे कॅमेरे प्रकाशाची दिशाही नोंदवतात (यांना लाइट फील्ड कॅमेरे म्हणतात), म्हणून फोटो काढल्यावरही फोकस बदलता येतो. सेकंडहँड बाजारात असा लायट्रो दिसला की आधी डोळ्यात भरतो तो '११ मेगारे' किंवा '४० मेगारे' (एक मेगारे म्हणजे दहा लाख प्रकाशकिरण) हा आकडा. त्याला मेगापिक्सेल समजून निर्णय घेतला तर पैसे वाया गेलेच म्हणून समजा. २०१२ मध्ये आलेल्या पहिल्या लायट्रोच्या सेन्सरवर ३२८० × ३२८० पिक्सेल आहेत, पण त्यावर सूक्ष्म भिंगांची षटकोनी जाळी बसवलेली आहे आणि प्रत्येक भिंगाखाली साधारण १० पिक्सेल रुंदीचा ठिपका पडतो. त्या ठिपक्यातले पिक्सेल प्रकाश कुठल्या दिशेने आला ते नोंदवतात. चित्रातला बिंदू म्हणून हिशेबात येतं ते आख्खं भिंग, आणि अशी भिंगं आहेत सव्वा लाखाच्या आसपास. सॉफ्टवेअर त्यातून १०८० × १०८० चा फोटो बाहेर काढतं, म्हणजे बराचसा तपशील अंदाजाने भरलेला असतो.

२०१४ च्या इलममध्ये, म्हणजे लायट्रोच्याच दुसऱ्या कॅमेऱ्यात, सेन्सर ७७२८ × ५३६८ चा आहे, भिंगं दोन लाखांवर आणि निर्यात होणारा फोटो २४५० × १६३४ चा. छपाईच्या भाषेत, ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) पहिल्या लायट्रोचा फोटो जेमतेम ९ सेंटिमीटरचा चौरस होतो, इलमचा सुमारे २१ × १४ सेंटिमीटर. पॅनासॉनिकच्या ल्युमिक्स कॅमेऱ्यांतल्या पोस्ट फोकस या सोयीत मात्र बहुतेक मॉडेलांत प्रत्येक फ्रेम ४के व्हिडिओची, साधारण ८ मेगापिक्सेलची असते. ती ए४ कागदाजवळ जाते, आणि तिथे पिक्सेल हे खरोखरचे पिक्सेल असतात.

मग लाइट फील्ड कॅमेरा घ्यायचाच कशाला? कारण तो एका क्लिकमध्ये सगळं टिपतो. पोस्ट फोकस भिंगाचा फोकस जवळून लांब सरकवत व्हिडिओ काढतो आणि आपण नंतर हवी ती फ्रेम निवडतो. या दोन-तीन सेकंदांत फुलपाखरू उडालं, मूल हललं किंवा वाऱ्याने फांदी डोलली की जवळची आणि लांबची फ्रेम वेगवेगळ्या क्षणांच्या होतात. लायट्रोत ही अडचणच नाही.

फोकस किती बदलेल हे झूमवर ठरतं

चाचणी घेताना बहुतेक जण हे विसरतात. फोकस मागे-पुढे करायची ताकद मुख्य भिंगाच्या छिद्राच्या व्यासावर अवलंबून असते. दोन्ही लायट्रोंचं ॲपर्चर (छिद्राचं माप) एफ/२ ला कायम आहे, म्हणजे छिद्राचा व्यास फोकल लेंग्थच्या निम्मा. ते बदलता येत नाही, कारण सूक्ष्म भिंगांचा एफ-आकडा मुख्य भिंगाशी जुळलेला असावा लागतो. पहिल्या लायट्रोची खरी फोकल लेंग्थ ६.४५ ते ५१.४ मिलिमीटर, म्हणजे छिद्र वाइडला (झूम न करता) जेमतेम ३ मिलिमीटर आणि पूर्ण झूमला २६. इलमची ९.५ ते ७७.८ मिलिमीटर, छिद्र ५ पासून ३९ पर्यंत. म्हणून वाइडला समोरच्या डोंगराचा फोटो काढून 'फोकस बदलतच नाही' अशी तक्रार करण्यात अर्थ नाही. झूम वाढवा, वस्तू जवळ घ्या आणि तिच्यामागे भरपूर अंतर सोडा, की परिणाम उठून दिसतो.

घरच्या घरी चाचणी

वर्तमानपत्राचं पान पुठ्ठ्यावर सपाट चिकटवून ४५ अंशांत तिरकं उभं करा आणि त्याच्या कडेला मोजपट्टी लावा. प्रकाश खिडकीतला, एका बाजूने येणारा हवा. पहिल्या लायट्रोला ट्रायपॉडचा स्क्रू बसायला जागाच नाही, तेव्हा तांदूळ भरलेली पिशवी त्याच्याखाली ठेवा. क्रिएटिव्ह मोडमध्ये जाऊन पट्टीच्या मधल्या खुणेवर फोकस करा आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) ८० ला बांधा. तसं न केल्यास कॅमेरा स्वतःच आयएसओ चढवेल, आणि दिसणारा दाणा भिंगाचा दोष आहे की आयएसओचा, हे कळणार नाही.

आता त्या एकाच फोटोतून जवळचा, मधला आणि लांबचा असे तीन फोकस निर्यात करा. शंभर टक्के मोठं करून पट्टीच्या कुठल्या खुणेपासून कुठल्या खुणेपर्यंत बातमीचा मजकूर वाचता येतो ते लिहून ठेवा. तेवढं अंतर हीच त्या झूमची खरी कुवत. हेच वाइड, मध्य आणि पूर्ण झूमला करा. कधीकधी नेमक्या मधल्या खुणेवर अक्षरं मऊ आणि थोडं पुढे-मागे जास्त रेखीव दिसतात. तो बिघाड समजू नका. सॉफ्टवेअर शेजारशेजारच्या दृश्यांतल्या बारीक सरकण्यावरून तपशील वाढवतं. मुख्य भिंगाचा फोकस जिथे असतो तिथे सगळ्या दृश्यांत एकच नमुना येतो, त्यामुळे वाढवायला हाती काही लागत नाही.

यानंतर कडांची परीक्षा घ्या. खिडकीची बारीक जाळी, तुळशीच्या मंजिऱ्या, पाण्याने भरलेला काचेचा ग्लास आणि कोरी पांढरी भिंत, एवढं एका चौकटीत मांडा. सॉफ्टवेअर कुठली वस्तू किती लांब आहे याचा नकाशा बनवतं आणि तो इथेच चुकतो. कोऱ्या भिंतीवर जुळवायला खूण नसते, ग्लासातून दोन अंतरं एकदम दिसतात आणि जाळीच्या एकसारख्या चौकोनांत कुठला चौकोन कुठला हे ठरत नाही. परिणाम म्हणजे मंजिरीभोवती धूसर वलय आणि मधूनच तुटलेली तार. इलमचे फोटो लायट्रो डेस्कटॉप या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून आभासी ॲपर्चर बदललं की हा दोष अधिक उघडा पडतो.

पोस्ट फोकसची परीक्षा वेगळी आहे. त्यात वलयं नसतात, पण फोकस सरकताना चौकट किंचित लहानमोठी होते, त्यामुळे दोन फ्रेम एकमेकींवर ठेवल्या की कडा जुळत नाहीत. एलईडी दिव्याखाली आडवे पट्टे दिसले तर शटर १/५० किंवा १/१०० ला ठेवा, कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. फ्रेम एमपी४ मधून निघतात, रॉ (सेन्सरची कच्ची फाइल) मिळत नाही, त्यामुळे उडालेला पांढरा भाग परत आणता येत नाही.

मग घ्यायचं काय?

दागिने, नाणी, खाद्यपदार्थ, कुंडीतली फुलं अशा स्थिर वस्तूंसाठी पोस्ट फोकस असलेला ल्युमिक्स घ्या. त्याची प्रत दोन्ही लायट्रोंपेक्षा सरळसरळ चांगली आहे, आणि तो एरवीही पूर्ण कॅमेरा म्हणून वापरता येतो. लाइट फील्ड शिकायचं असेल, डेटा उघडून स्वतः कोड लिहायचा असेल, तर इलमच घ्या: एसडी कार्ड, बदलता येणारी बॅटरी, १/४००० पर्यंत शटर आणि ७२ मिलिमीटरचा फिल्टर बसतो. वजन मात्र ९४० ग्रॅम. पहिला लायट्रो अवघा २१४ ग्रॅमचा, पण स्क्रीन १२८ × १२८ पिक्सेलचा, मेमरी आतलीच आणि बॅटरी काढता येत नाही. इतक्या वर्षांनी ती बॅटरी कितपत टिकेल ते सांगायला नको. तो संग्रहासाठी किंवा वर्गात तत्त्व दाखवायला ठीक आहे, फोटो काढायला नाही.

लायट्रो कंपनी २०१८ मध्ये बंद झाली आणि तिची ऑनलाइन गॅलरी त्याआधीच २०१७ मध्ये मिटली, त्यामुळे मदतीला कुणी नाही. पैसे देण्याआधी लायट्रो डेस्कटॉपचा इन्स्टॉलर मिळवून तो तुमच्या संगणकावर चालतो का ते पाहा. विक्रेत्याकडून त्याच कॅमेऱ्याची एक कच्ची फाइल मागवून ती उघडून बघा. कॅमेऱ्याचा कॅलिब्रेशन डेटाही मागून घ्या आणि त्याची प्रत दोन ठिकाणी ठेवा. सूक्ष्म भिंगांची जाळी प्रत्येक कॅमेऱ्यात किंचित वेगळ्या कोनात बसलेली असते, त्यामुळे दुसऱ्या इलमचा डेटा तुमच्या फाइलला चालणार नाही. डेटा आणि फाइल यांतला सीरियल नंबर जुळतोय का, एवढं तपासून मगच व्यवहार करा.