टोरे टीजीपी-एच-०६० कार्बन पेपर: लिथियम-एअरच्या कॅथोडसाठी घ्यावा का?

लिथियम-एअर सेलवर (लिथियम आणि हवेतला ऑक्सिजन यांवर चालणाऱ्या बॅटरीवर) काम सुरू केलं की कॅथोडच्या, म्हणजे ऑक्सिजनकडच्या इलेक्ट्रोडच्या, आधारासाठी पहिलं नाव टोरे या जपानी कंपनीच्या या कागदाचं निघतं. माल मुळात फ्युएल सेलचा. जाडी ०.१९ मिमी, घनता घनसेंमीला ०.४४ ग्रॅम, सच्छिद्रता ७८ टक्के. आधार म्हणून तो चोख आहे. मात्र त्याच्यावर लेप देऊन ‘टिकाऊ कॅथोड’ म्हणून जे आकडे मांडले जातात, ते बारकाईने तपासावे लागतात. ही तपासणी जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कॉलेजातही करता येते, त्यासाठी महागडं यंत्र लागतंच असं नाही.

१९ × १९ सेंमीच्या शीटमधून १२ मिमीच्या चकत्या काढताना मध्ये २ मिमी सोडले, तर १६९ निघतात. अर्थात पंच धारदार असेल तर. कागद ठिसूळ आहे. बोथट पंचाने कड चुरते, सुमारे ७ मायक्रॉनचे तंतू उभे राहतात आणि सेल आवळला की सेपरेटरमध्ये (दोन इलेक्ट्रोडमधल्या पडद्यात) घुसतात. मग ओपन सर्किट व्होल्टेज (काही न जोडता मोजलेला व्होल्टेज) हळूहळू उतरतं आणि खापर इलेक्ट्रोलाइटवर (आयन वाहणाऱ्या द्रवावर) फुटतं. कागद दोन बटर पेपरमध्ये धरून एका ठोक्यात कापावा, कड भिंगाखाली पाहावी, आणि ग्लास फायबरचा सेपरेटर चकतीपेक्षा थोडा मोठा घ्यावा.

आता वजनाचं. हा कागद चौरस सेंमीला ८.४ मिग्रॅ भरतो. त्यावर कार्बनचा लेप असतो जेमतेम ०.५ मिग्रॅ. ‘१००० एमएएच (मिलिअँपिअर-तास) प्रतिग्रॅम’ असा क्षमतेचा आकडा फक्त लेपाच्या वजनावर काढलेला असतो. प्रत्यक्षात चौरस सेंमीला ०.५ एमएएच मिळाले, म्हणजे कागद धरून ५६ एमएएच प्रतिग्रॅम. लिथियम-एअरची किलोला सुमारे ३५०० वॅट-तास ही सैद्धांतिक ऊर्जा कागदावर कुठे हरवते, ते इथे कळतं. शिवाय कोऱ्या कागदाचे तंतूही थोडा डिस्चार्ज देतात. लेप न दिलेली चकती आधी चालवून तो वाटा वजा केला नसेल, तर पुढचं मोजमाप व्यर्थ.

सगळ्यात जास्त सेल मरतात ते इलेक्ट्रोलाइट जास्त झाल्यामुळे. १२ मिमीच्या चकतीत मोकळी जागा आहे सुमारे १७ मायक्रोलिटर. सेपरेटर भिजवून वर आणखी दोन-चार थेंब टाकले की कागद पूर्ण बुडतो. मग ऑक्सिजनला वायूच्या वाटा उरत नाहीत, द्रवात विरघळून जावं लागतं, आणि ते फार संथ. डिस्चार्जचा व्होल्टेज २.७ च्या आसपास टिकायचा तो लवकरच २ व्होल्टकडे घसरतो. हा दोष कॅटॅलिस्टचा नव्हे, पिपेट धरणाऱ्या हाताचा. इलेक्ट्रोलाइटचा द्रावक टेट्राग्लाइम कागदात सहज शिरतो, म्हणून सेपरेटर पुरता ओला करावा आणि कॅथोडवर वेगळं काही घालू नये.

लेपाच्या स्लरीत पीव्हीडीएफ हा बाइंडर (कार्बनचे कण चिकटवणारा पॉलिमर) टाळावा. डिस्चार्जमध्ये बनणारा सुपरऑक्साइड त्यातला हायड्रोजन-फ्लोरिन काढून घेतो आणि बाइंडरच सडतो. पीटीएफई (टेफ्लॉन) बरं: ९० मिग्रॅ कार्बनला १० मिग्रॅ, म्हणजे ६० टक्क्यांचं डिस्पर्शन १६.७ मिग्रॅ, आणि आयसोप्रोपॅनॉल. पण त्या डिस्पर्शनमध्ये साबणासारखा सर्फॅक्टंट असतो. १२० अंशांवर व्हॅक्यूममध्ये वाळवलं की पाणी जातं, तो मागे राहतो आणि चार्ज करताना जळतो. नायट्रोजन किंवा आर्गॉनमध्ये ३०० ते ३५० अंशांवर तापवल्याशिवाय तो पूर्ण जात नाही.

टिकाऊपणाची खरी कसोटी चार्जिंगला लागते. डिस्चार्जमध्ये लिथियम आणि ऑक्सिजनपासून लिथियम पेरॉक्साइड बनतं, त्या प्रक्रियेचा समतोल व्होल्टेज २.९६. कार्बन ३.५ व्होल्टच्या आत बऱ्यापैकी तग धरतो, त्याच्या वर तो स्वतःच ऑक्सिडाइज होऊन लिथियम कार्बोनेट बनवतो. कार्बोनेट फुटायला ४ व्होल्टच्या वर जावं लागतं, त्यात आणखी कार्बन जळतो. आलेख मात्र सायकलमागून सायकल देखणे दिसतात, कारण प्रत्येक सायकलला किती क्षमता घ्यायची ते आधीच बांधून दिलेलं असतं! डिस्चार्जनंतरचा कॅथोड सरळ आम्लयुक्त पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणात टाकावा, चिमूटभर मोलिब्डेट घालावं आणि थायोसल्फेटने टायट्रेट करावं. ०.५ एमएएच डिस्चार्जचं सगळं लिथियम पेरॉक्साइड झालं असेल, तर ०.०१ नॉर्मल थायोसल्फेट १.८७ मिली लागतं. त्यापेक्षा जितकं कमी लागेल, तितका चार्ज भलतीकडे गेला. चार्जनंतरच्या कॅथोडवर एफटीआयआरमध्ये (अवरक्त वर्णपटात) प्रतिसेंमी ८७० च्या जवळ आणि १४३० च्या आसपास पट्टे दिसले, तर कार्बोनेट साचलंय हे नक्की.

याच कारणाने टायटॅनियम कार्बाइडचा लेप या कागदावर चढवणं म्हणजे अर्धवट काम. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ पीटर ब्रूस यांच्या गटाने २०१३ मध्ये टायटॅनियम कार्बाइडवर १०० सायकलींनंतर ९८ टक्के क्षमता दाखवली होती, पण त्यात मुद्दाच कार्बन नको हा होता. खाली उघडा कार्बन पेपर राहिला की कार्बोनेट त्याच्यावर बनणारच. त्यासाठी टायटॅनियम किंवा स्टेनलेस स्टीलची जाळी वापरावी.

रावेर-यावलकडे केळीचा घड उतरला की खोड पडून राहतं, त्यामुळे त्याचा कार्बन करून या कागदावर लावायची कल्पना आपल्याकडे हटकून सुचते. जरूर करा, पण खोडात पोटॅशियम भरपूर असतं, ते सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने धुतल्याशिवाय चालणार नाही. पोटॅशने अॅक्टिव्हेट केलेल्या कार्बनमध्ये २ नॅनोमीटरच्या आतली छिद्रं जास्त. पृष्ठफळ ग्रॅमला २००० चौरस मीटर येतं, भाव खाऊन जातं, पण पेरॉक्साइडने ती छिद्रं लगेच बुजतात. वर ऑक्सिजनयुक्त गट राहतात, ते कार्बनला आणखी कच्चं करतात. तुलनेला सुपर पी आणि केटजेन ब्लॅक हे बाजारात तयार मिळणारे कार्बन सोबत चालवलेच पाहिजेत.

भुसावळ-जळगावच्या मेमधला ४५ अंशांतला सेल आणि डिसेंबरच्या रात्रीचा सेल यांची तुलना करू नये. इन्क्युबेटर २५ अंशांवर ठेवावा. पावसाळ्यात कागद ओल धरतो, तो १२० अंशांवर व्हॅक्यूममध्ये रात्रभर तापवून थेट ग्लव्ह बॉक्समध्ये (कोरड्या आर्गॉनच्या बंद पेटीत) न्यावा. एमआयडीसीतल्या वेल्डिंगवाल्याचा ऑक्सिजन सिलेंडर स्वस्त पडतो, तरी घेऊ नये. ९९.९९९ टक्के शुद्ध वायू आणि मध्ये ओल शोषणारा मॉलिक्युलर सिव्हचा कॉलम हवाच. वीज गेल्यावर सायकलर (सेल आपोआप चार्ज-डिस्चार्ज करणारं यंत्र) पहिल्या पायरीपासून तर सुरू होत नाही ना, हेही आधी पाहावं.

मागवताना पीटीएफई लावलेला आणि न लावलेला, दोन्ही प्रकार मिळतात. टक्केवारी पाकिटावर लिहून घ्या आणि प्रबंधातही नमूद करा, कारण त्यावर इलेक्ट्रोलाइट किती शिरेल ते ठरतं. शीट सपाट पुठ्ठ्यांमध्येच यायला हवी. वाकून आली तर मधली भेग डोळ्याला दिसत नाही, उजेडासमोर धरल्यावर दिसते. तशी शीट सरळ परत करा.