मूट, लॉ रिव्ह्यू, लीगल एड: लॉ स्कूलमधली कोणती समिती किती देते?

पहिल्या वर्षाला प्रवेश झाला की महिन्याभरात सगळ्या समित्यांची भरती निघते आणि मुलं चार-पाच ठिकाणी नाव देऊन बसतात. परीक्षा तोंडावर आली की त्यातलं निम्म्याहून जास्त सुटतं. त्यामुळे इथे एकच गोष्ट पाहिली आहे: समिती जे काम करून घेते त्यातून वकिलीतलं काय हाताला लागतं, आणि त्यासाठी पद लागतंच का?

या हिशेबात मूट कोर्ट सोसायटी सगळ्यांत वर. मूट म्हणजे काल्पनिक खटला न्यायालयासारखा लढवायची स्पर्धा. 1960 पासून चालणारी जेसप ही स्पर्धा आंतरराष्ट्रीय कायद्यावर असते, तर 1994 पासूनची व्हिएन्नाची विस व्यापारी लवादावर. दोन्हींत एकाच संघाला दोन्ही बाजू लिहाव्या आणि लढवाव्या लागतात. विसमध्ये तर दावेदाराचं मेमोरियल, म्हणजे लेखी युक्तिवाद, डिसेंबरात दिलं, की दुसऱ्या संघाचं मेमोरियल हातात येतं आणि त्याला प्रतिवादी म्हणून जानेवारीत उत्तर द्यायचं असतं. समोरच्याने खरोखर लिहिलेलं खोडून काढायची सवय वर्गात बसून लागत नाही.

संघ फसतात ते मात्र ठरलेल्या जागी. दोघांनी अर्जदाराची बाजू आणि दोघांनी प्रतिवादीची, अशी वाटणी केली की एकच निवाडा दोनदा शोधला जातो आणि दोन मेमोरियलमध्ये त्याचे दोन वेगळे अर्थ लागतात. वाटणी मुद्द्यानुसार करा. एका मुद्द्याच्या दोन्ही बाजू एकाच माणसाकडे असल्या की आपल्या युक्तिवादाची कच्ची जागा त्यालाच आधी दिसते. शब्दमर्यादेत तळटीपा धरतात की नाही, हे नियमावलीत पहिल्याच दिवशी पाहून ठेवावं. फाइल पाठवण्याआधी तिचे गुणधर्म उघडून पाहा: लेखकाच्या रकान्यात कॉलेजचं किंवा विद्यार्थ्याचं नाव राहून जातं आणि ओळख उघड केल्याबद्दल गुण कापले जातात. चांगलं मेमोरियल अशा कारणाने मागे पडलं की फार वाईट वाटतं.

सोसायटीचा खरा कस लागतो तो संघनिवडीत. निवडफेरी दोन बेंचपुढे (म्हणजे परीक्षकांच्या दोन गटांपुढे) झाली, एका बेंचची सरासरी 62 आणि दुसऱ्याची 74 आली, आणि कच्चे गुण तसेच एका यादीत घातले, तर कडक परीक्षकासमोर उभी राहिलेली चांगली मुलं बाहेर जातात. बेंचमधला क्रमांक धरावा किंवा गुण त्या बेंचच्या सरासरीशी ताडून घ्यावेत. लेखी मेमोरियल तपासायला द्यायचं ते नाव काढून, सांकेतिक क्रमांक घालून. या दोन गोष्टी सोसायटी करत नसेल, तर तिथल्या निवडीवर भरवसा ठेवणं अवघड आहे.

पदांपैकी रिसर्चरचं पद मुलं कमी लेखतात. बोलणाऱ्याला जेसपमध्ये दोघांत मिळून 45 मिनिटं मिळतात. रिसर्चरने काही महिने मुद्द्याची प्रत्येक वाट चालून पाहिलेली असते. बेंचने भलताच प्रश्न टाकला की टेबलावरून चिठ्ठी सरकते ती बहुतेक त्याचीच. कन्व्हीनरचं पद म्हणजे नोंदणी, फी, परीक्षकांची सोय आणि वेळापत्रक. ते काम मोठं आहे, पण त्यातून कायदा शिकायला मिळेल अशी अपेक्षा ठेवून ते घेऊ नये.

लॉ रिव्ह्यू दुसऱ्या क्रमांकावर. विद्यार्थ्यांनी कायद्याचं नियतकालिक चालवायची प्रथा जुनी आहे. हार्वर्ड लॉ रिव्ह्यू 1887 पासून निघतंय. इथलं बाळकडू म्हणजे तळटीप तपासणं. मूळ स्रोत उघडायचा, अवतरण शब्दाला शब्द लावून पाहायचं, दिलेल्या पानावर ते खरंच आहे का ते बघायचं, आणि निवाडा असेल तर तो पुढे फिरवला गेला नाही ना, हे शोधायचं. सर्वांत जास्त चुका पान क्रमांकात सापडतात. पीडीएफ वाचक 14 वं पान दाखवतो, पण लेख खंडाच्या मध्यावर असल्याने छापील पान 412 असतं, आणि लेखकाने 14 लिहिलेलं असतं. एका लेखात दीडशे-दोनशे तळटीपा सहज असतात, आणि हे काम कंटाळवाणं आहे, हे मान्य. तरीही वर्षभर ते केलेल्या मुलाचं नंतरचं लेखन वेगळंच दिसतं. मुख्य संपादकाचं पद लेखकांशी पत्रव्यवहारात आणि तारखा सांभाळण्यात जातं, तेव्हा आधी किमान एक वर्ष तळटीपांवर काढलेलं बरं.

लीगल एड क्लिनिकला, म्हणजे गरजूंना कायद्याची मदत देणाऱ्या केंद्राला, मात्र गुण देताना हात आखडतो, कारण इथे चूक झाली तर भोगतो तो पक्षकार. पहिल्या भेटीत आधी समोरच्या पक्षाचं नाव विचारायचं, म्हणजे हितसंबंध आड येतात का ते कळतं. मग घटनेची तारीख, कारण मुदतीचा हिशेब तिथून सुरू होतो. मग पुढची तारीख आणि कागदपत्रं. मूळ कागद ठेवून घ्यायचे नाहीत, प्रत काढून लगेच परत द्यायचे. सल्ला द्यायचा तो देखरेख करणाऱ्या वकिलानेच. विद्यार्थ्याने ‘तुमची केस पक्की आहे’ असं म्हणणं गंभीर चूक आहे. क्लिनिकं कोसळतात ती परीक्षेच्या काळात आणि सुट्टीत, कारण न्यायालयाच्या तारखा कॉलेजच्या वेळापत्रकावर चालत नाहीत. प्रत्येक फाइलवर दोन विद्यार्थी आणि सगळ्या तारखांची एकच सामाईक डायरी, एवढं जिथे आहे तिथे डोळे झाकून जा. नसेल तर आधी ती सुरू करायला लावा.

वादविवाद मंडळात सलग बोलायची भीती जाते. निवाडा किंवा कलम हातात धरून बोलायला तिथे शिकत नाहीत.

विद्यार्थी परिषदेत अध्यक्षपदासाठी झुंबड असते. शिकायला जास्त मिळतं ते सेक्रेटरी आणि खजिनदार या जागांवर. सेक्रेटरीला कोरम (बैठकीला लागणारी किमान हजेरी) मोजून नोंदवावा लागतो, ठराव नेमक्या शब्दांत लिहावा लागतो आणि इतिवृत्त पुढच्या बैठकीत मंजूर करून घ्यावं लागतं; ठरावात ‘खर्चाला मान्यता’ एवढंच लिहिलं आणि रक्कम राहिली की भांडण तिथूनच उभं राहतं. खजिनदाराने पावतीशिवाय पैसे देऊ नयेत आणि खात्यावर दोन सह्या ठेवाव्यात. पदभार सोपवताना खात्यावरच्या सह्या, समितीच्या ईमेलचा पासवर्ड आणि बाकी देण्यांची यादी एकाच बैठकीत हातात द्यावी, आणि तीही नव्या मंडळाच्या पहिल्या कार्यक्रमाआधी. ईमेल कुणाच्या खासगी खात्यावर असेल, तर तो माणूस पास होऊन गेला की जुना पत्रव्यवहारही त्याच्यासोबत जातो.