ट्रेलरच्या इलेक्ट्रिक ब्रेकला कंट्रोलर बसवला, लातूरच्या उस्तादांचं काम एक नंबर

इसुझूच्या व्ही-क्रॉस पिकअपला डबल एक्सलचा (दोन जोड्या चाकांचा) जनावरांचा ट्रेलर जोडून मी देवणी वळू नेतो, माळेगावच्या यात्रेला, कधी बीडकडं. दोन वळू भरले की नुसत्या जनावरांचंच वजन टनाच्या आसपास जातं, ट्रेलरचं वेगळं, आणि मांजरसुंब्याच्या घाटात उतरताना हे सगळं मागून गाडीला ढकलत असतं. ट्रेलरच्या चारी चाकांत इलेक्ट्रिक ब्रेक आहेत पण त्यांना करंट सोडणारा बॉक्स, म्हणजे कंट्रोलर, गाडीत नसला तर ते असून नसल्यासारखेच. म्हणून टेकॉन्शा कंपनीचा प्रॉडिजी पी३ कंट्रोलर बाहेरून मागवला आणि लातूरात रिंग रोडला एक वायरिंगचं दुकान आहे तिथल्या उस्तादांकडून बसवून घेतला.

कंट्रोलर चांगलाय. आत सेन्सर आहे, गाडी जेवढी जोरात थांबते तेवढाच करंट ट्रेलरच्या ड्रममधल्या मॅग्नेटला जातो, मॅग्नेट फिरत्या ड्रमला चिकटतो, त्याच्याबरोबर लिव्हर ओढला जातो आणि लायनर (ब्रेकचे पट्टे) ड्रमवर दाबले जातात. हळू थांबलं तर हळू ब्रेक, झटका नाही, आत उभ्या जनावराला हे लई महत्त्वाचं. हातानं दाबायची पट्टी वेगळी आहे, ट्रेलर डुलायला लागला की पायाचा ब्रेक न दाबता नुसते ट्रेलरचे ब्रेक लावता येतात.

पण खरी गोष्ट वायरिंगची आहे बघा. बॉक्सला चारच वायरी, काळी बॅटरीच्या प्लसला, पांढरी मायनसला, लाल ब्रेक लाईटच्या स्विचला आणि निळी मागं ट्रेलरला. ऐकायला सोपं वाटतं. आधी दुसऱ्या एका ठिकाणी दाखवलं तर तो म्हणला हॉर्नला वापरतात तीच बारीक वायर मागं नेतो आणि अर्थिंग बॉडीच्या स्क्रूला मारतो, मी तिथूनच गाडी फिरवली. चार मॅग्नेट म्हणजे जवळपास १२ अँपिअर, एवढ्या लांब बारीक वायरीतून करंट जाताना व्होल्टेज मधेच पडतो आणि मागचे ब्रेक अर्धेमुर्धेच लागतात. उस्तादांनी ६ स्क्वेअर एमएमची जाड वायर पाईपात घालून चेसिसवरून नेली, पांढरी थेट बॅटरीच्या मायनसला, बॅटरीजवळ ३० अँपिअरचा सर्किट ब्रेकर, करंट जास्त झाला तर लाईन तोडणारा. लाल वायर लावायच्या आधी टेस्ट लॅम्प धरून मलाच पेडल दाबायला लावलं, दाबल्यावरच करंट येतो ती स्विचची बाजू शोधली, कारण उलट्या बाजूला जोडली तर कंट्रोलरला वाटतं ड्रायव्हरचा पाय कायम ब्रेकवरच आहे. जॉईंट सगळे सोल्डर करून वर स्लीव्ह, नुसती टेप कुठंच नाही.

मग चाकं जॅकवर उचलून लायनर ॲडजस्ट केले, ट्रेलर सुटला तर आपोआप ब्रेक लावणारी जी पिन असते ती ओढून चारी चाकं जाम होतात का तेही बघितलं. त्यासाठी ट्रेलरवर वेगळी बॅटरी असते, ती चार्ज नसली तर पिनचा काही उपयोग नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. शेवटी सपाट रोडवर ४० च्या स्पीडला पट्टी दाबून ब्रेकच्या जोराचं सेटिंग लावलं, चाक जाम होऊन घासायला लागेपर्यंत वाढवायचं आणि मग थोडं खाली. भरलेला आणि रिकामा ट्रेलर, दोन्हीचं सेटिंग वेगळं येतं, रिकाम्याला भरलेलं ठेवलं तर टायर घासतात.

तक्रार म्हणाल तर वेळ. सकाळी सोडलेली गाडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळाली आणि मजुरी बाकीच्यांपेक्षा जास्त आहे. बॉक्स पण गुडघ्याच्या जवळ लावला होता, सांगितल्यावर कुरकुर न करता सरकवून दिला. घाटात तरी खालच्या गिअरलाच उतरा, ट्रेलरचे ब्रेक पण सारखे दाबून ठेवले की तापतात.

जाणार असाल तर ट्रेलर सोबत घेऊन जा, नुसती गाडी नेली तर उस्ताद काम हातात घेत नाहीत. शुक्रवारी दुकान बंद असतं.