अर्धशिशी: दुखेल तेव्हाची गोळी की रोजची?

आईची अर्धशिशी उठली की घरात फोडणीसुद्धा देता यायची नाही. खोलीत अंधार, कपाळाला घट्ट बांधलेला रुमाल, उशाशी बादली. दुखणं ४ तासांत ओसरेल की ७२ तास छळेल, याचा नेम नसायचा.

दुखेल तेव्हाची गोळी म्हणजे पॅरासिटामॉल, नॅप्रोक्सेन किंवा डॉक्टरांनी लिहून दिलेली सुमाट्रिप्टान. ती ठणका लागताक्षणी घ्यायला हवी. आई "बघू, थांबेल" म्हणत तासभर काढायची. तोवर मळमळ सुरू झालेली असायची. अर्धशिशीत पोटाचं काम मंदावतं, मग पोटात गेलेली गोळी लवकर लागू पडत नाही. हृदयविकार असेल तर सुमाट्रिप्टान नकोच.

मोठा धोका अतिरेकाचा. साधी वेदनाशामकं महिन्यात १५ दिवस किंवा ट्रिप्टान (सुमाट्रिप्टानच्या गटातली औषधं) १० दिवस, असं ३ महिन्यांहून जास्त चाललं की औषधामुळेच डोकं दुखू लागतं.

रोजची गोळी (प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलिन, फ्लुनारिझिन) उठलेला ठणका थांबवत नाही. ती पुढचे झटके कमी करते. गुण यायला ६ ते ८ आठवडे लागतात. पंधरा दिवसांत कंटाळून ती सोडणारी माणसं पाहिली की जीव हळहळतो. दमेकऱ्यांना मात्र प्रोप्रॅनोलॉल चालत नाही.

महिन्यातून एखादा झटका असेल तर पहिली पुरे. चार-पाच दिवस अंथरुणात जात असतील तर डॉक्टरांना रोजच्या गोळीबद्दल विचाराच. आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुखलेल्या दिवशी फुली मारायचो. ती पानं डॉक्टरांपुढे ठेवली, तेव्हा आईची रोजची गोळी सुरू झाली.