ग्रीसचा गोल्डन व्हिसा, अथेन्समधला गाळा आणि आमचे अडीच लाख युरो

ग्रीसमध्ये घर घ्या, तिथला रहिवासी परवाना (यालाच गोल्डन व्हिसा म्हणतात) मिळवून देतो, असं सांगणाऱ्या एका सल्लागार कंपनीने आमचे अडीच लाख युरो अडकवले. तेव्हाच्या भावाने सव्वादोन कोटी रुपयांच्या वर. पोलिसांत तक्रार झाली आहे, तपास चालू आहे, म्हणून कंपनीचं नाव इथे देत नाही. तसंही नाव बदलून हीच मंडळी पुन्हा उभी राहतात. आजही पुण्या-मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत असे सेमिनार भरताहेत, म्हणून त्यांची पद्धत सविस्तर लिहिते.

आम्ही नाशिकचे. नवऱ्याचं सातपूरला वर्कशॉप आहे, मी शाळेत शिकवते. गंगापूर रोडची सासऱ्यांच्या वाटणीतली जागा विकून आलेले पैसे बँकेत होते. मुलगी पुण्यात इंजिनिअरिंगला होती आणि पुढे जर्मनीत शिकायचं तिच्या डोक्यात पक्कं होतं. २०२४ च्या उन्हाळ्यात ओळखीच्या एका डॉक्टरांनी आम्हाला पुण्यातल्या सेमिनारला नेलं. आमच्या व्यवहारावर त्यांना कमिशन मिळालं हे पुढे तक्रारीच्या वेळी कळलं.

सेमिनारमध्ये सांगितलेलं सगळं खोटं नव्हतं आणि त्यामुळेच ते पटलं. मुदतीचंच घ्या. परवान्यासाठी घराची किंमत किमान अडीच लाख युरो हवी, ही ग्रीसची मर्यादा १ ऑगस्ट २०२३ पासून अथेन्सचा मध्य, थेसालोनिकी, मिकोनोस, सँटोरिनी अशा भागांत पाच लाख झाली होती. मग २०२४ च्या नव्या कायद्याने १ सप्टेंबरपासून अथेन्स ज्यात येतं तो सगळा आत्तिका प्रांत, थेसालोनिकी आणि मोठी बेटं आठ लाखांवर गेली, बाकीचा देश चार लाखांवर, आणि घर एकच व किमान १२० चौरस मीटरचं हवं अशी अट आली. अथेन्सला लागून असलेलं पिरेयस बंदर मात्र ३१ ऑगस्टपर्यंत अडीच लाखांतच होतं. तोवर करार करून दहा टक्के भरणाऱ्यांना व्यवहार पुरा करायला ३१ डिसेंबरपर्यंत सवलत होती. हे सगळं खरं. आम्ही घरी येऊन तपासलं, तेही जुळलं. एक गोष्ट खरी निघाली की त्याच माणसाच्या बाकीच्या गोष्टींवरही विश्वास बसतो.

बाकीच्या गोष्टी अशा होत्या. मुलगी या परवान्यावर जर्मनीत शिकेल, नोकरी करेल. घर एअरबीएनबीवर देऊन वर्षाला सहा टक्के भाडं हमखास. सात वर्षांनी पासपोर्ट.

यातलं पहिलं साफ खोटं आहे. हा परवाना ग्रीसमध्ये राहण्याचा आहे. शेंगेनच्या (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातल्या) इतर देशांत त्यावर १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं, इतकंच. नोकरीचा हक्क खुद्द ग्रीसमध्येही त्यातून मिळत नाही, जर्मनीत कुठून मिळणार? जर्मनीत शिकायचं तर जर्मनीचाच विद्यार्थी व्हिसा काढावा लागतो. भाड्याचं म्हणाल तर त्याच २०२४ च्या कायद्याने गोल्डन व्हिसाचं घर एअरबीएनबीसारखं अल्पमुदतीने भाड्याने द्यायला बंदी घातली आहे. दिलं तर ५०,००० युरो दंड आणि परवाना रद्द. ज्या कायद्याची भीती घालून आम्हाला घाईला आणलं, त्याच कायद्यातलं हे कलम त्यांनी लपवलं होतं. आणि पासपोर्टसाठी सात वर्षं तिथे खरोखर राहावं लागतं, ग्रीक भाषेची आणि इतिहासाची परीक्षा द्यावी लागते, वर आपलं भारतीय नागरिकत्व सोडावं लागतं.

ऑगस्टमध्ये पिरेयसच्या एका दोन खोल्यांच्या फ्लॅटसाठी दहा टक्के भरले. खातं फ्लॅटच्या मालकाचं नव्हतं, ग्रीसमधलंही नव्हतं. ते दुबईतल्या एका कंपनीचं होतं आणि तेच 'एस्क्रो' (व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे राखून ठेवणारं खातं) आहे असं पत्र आम्हाला दिलं होतं. ग्रीसच्या नियमाप्रमाणे किंमत ग्रीसमधल्या बँकेतल्या विक्रेत्याच्या खात्यात बँकेमार्फतच जायला हवी. तिसऱ्याच देशातल्या, तिसऱ्याच्याच खात्यात पैसे मागितले की तिथेच थांबा.

पैसे पाठवण्याबद्दलही लिहायला हवं. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. अडीच लाख युरो त्याहून जास्त होतात, म्हणून आम्ही दोघांच्या नावांनी पाठवले. तेव्हा माणशी सात लाखांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापत होती (एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा दहा लाख झाली). म्हणजे किमतीव्यतिरिक्त चाळीस लाखांवर रक्कम रिटर्न भरेपर्यंत अडकली. कंपनीचा माणूस म्हणाला, काही भाग 'पर्यटन' किंवा 'नातेवाइकांचा खर्च' दाखवून पाठवा, कुणी विचारत नाही. आम्ही ते केलं नाही. परदेशात स्थावर मिळकत घेतोय असंच परदेशी पैसे पाठवण्याच्या ए-टू फॉर्मवर लिहिलं, आणि आज तक्रार देताना आमच्या हातात जे काही आहे ते त्याच कागदामुळे. आमच्यासोबतच्या ठाण्याच्या एका कुटुंबाने काही रक्कम इथेच रोखीने दिली होती. ते आता तक्रारच देऊ शकत नाहीत. दिली तर फेमा या परकीय चलनाच्या कायद्याखाली आधी त्यांचीच चौकशी लागेल. कंपनीला हे चांगलं ठाऊक आहे. रोख मागण्यात त्यांचा तो एक हेतूच असतो.

मग कुलमुखत्यारपत्र. आम्हाला वारंवार अथेन्सला जावं लागू नये म्हणून तिथल्या वकिलाच्या नावाने ते करून घेतलं, नोटरी झाली, परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा शिक्का) झालं. इंग्रजी आणि ग्रीक असे शेजारी शेजारी दोन रकाने होते. त्यातलं सातवं कलम पुढे आमच्या नव्या वकिलाने बोट ठेवून दाखवलं: 'सदर मिळकत अथवा त्याऐवजी वकिलास योग्य वाटेल ती अन्य मिळकत' आमच्या नावे खरेदी करण्याचा, किंमत ठरवण्याचा आणि ती देण्याचा अधिकार. आमची सही त्याखाली होती. कंपनीने समजावून सांगताना ते कलम 'नेहमीचा मजकूर' म्हणून उलटून टाकलं होतं.

नोव्हेंबरात फोन आला की पिरेयसच्या फ्लॅटमध्ये बेकायदा बांधकाम निघालं, इंजिनिअरचा दाखला मिळत नाही, आणि त्या दाखल्याशिवाय ग्रीसमध्ये खरेदीखत होत नाही. दाखल्याचा नियम खरा आहे. पण तो दाखला पैसे घ्यायच्या आधी बघायचा असतो. आता ३१ डिसेंबर आला, मुदत गेली की आठ लाख लागतील, दहा टक्केही बुडतील, असं रोज दोनदा सांगायला लागले. त्यावर उपाय म्हणून अथेन्सच्या पातिसिया भागात 'रूपांतर प्रकल्पातला' फ्लॅट, तोही अडीच लाखांतच.

इथली लबाडी नीट समजून घ्या, कारण सध्या ग्रीसच्या नावाने जे विकलं जातंय त्यात हाच प्रकार दिसतो. दुकान किंवा ऑफिसचं निवासी घरात रूपांतर केलं तर अडीच लाखांची मर्यादा नव्या कायद्यातही चालू आहे. म्हणजे ३१ डिसेंबरची मुदत या प्रकाराला लागूच नव्हती! घाई करायचं कारणच नव्हतं. दुसरं म्हणजे रूपांतर पूर्ण झाल्याशिवाय परवान्याचा अर्जच करता येत नाही. हे दोन्ही त्यांनी सांगितलं नाही. डिसेंबर अखेरीला त्या मुखत्यारपत्रावर खरेदीखत झालं.

२०२५ च्या वसंतात आम्ही जाऊन पाहिलं. पातिसियाच्या गल्लीत सहा मजली जुन्या इमारतीच्या तळाला एक गाळा होता. घडीचं लोखंडी शटर, वर अर्धवट खरवडलेली शिलाई मशीनच्या दुकानाची पाटी. आत मागच्या भिंतीला टाईल्स छातीइतक्या उंचीपर्यंत लावून सोडलेल्या, नळासाठी भोकं पाडलेली, नळ नाहीत. खिडकी एकही नाही. उजेड यायचा तो शटर वर केल्यावर, आणि शटर वर केलं की फुटपाथवरचा माणूस थेट घरात बघणार. माझा नवरा वर्कशॉपचा माणूस, त्याने भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाला, इथे कित्येक महिन्यांत कुणी काम केलेलं नाही.

त्यानंतर आम्ही स्वतः एक वकील शोधला, अथेन्स बार असोसिएशनमध्ये नोंद असलेला आणि या कंपनीशी काडीचा संबंध नसलेला. त्याने भूमिनोंदणी कार्यालयातून उतारा काढला, आधीचं खरेदीखत मिळवलं, इमारतीची नियमावली वाचली. आम्हाला विकणाऱ्या कंपनीने तोच गाळा काही महिन्यांपूर्वी ७४,००० युरोंना घेतला होता. आणि तळमजल्याचे गाळे दुकान म्हणूनच वापरायचे, असं नियमावलीत स्पष्ट लिहिलेलं आहे. वरच्या मालकांनी संमती दिली नाही तर रूपांतर होणं अवघड. म्हणजे परवान्याचा अर्ज कधी होईल, होईल की नाही, कुणालाच सांगता येत नाही.

यात मुलीचं गेलं ते परत येणार नाही. आईवडिलांच्या अर्जात मुलांचा समावेश करायचा तर वय २१ च्या आत लागतं. गाळा अडकलेला असतानाच तिला २१ वर्षं पूर्ण झाली. आता रूपांतर झालं तरी ती आमच्या अर्जात बसत नाही. जिच्यासाठी जागा विकून पैसे घातले तीच बाहेर राहिली, याची मला भयंकर चीड आहे. ती शांतपणे स्वतःचा जर्मनीचा विद्यार्थी व्हिसा काढायच्या मागे लागली आहे. तो मार्ग पहिल्या दिवसापासून तिला मोकळा होता आणि त्याला घर लागत नव्हतं.

कंपनीचं म्हणणं काय? 'तुमच्या नावावर मिळकत आहे ना, मग फसवणूक कसली? परवाना देणं सरकारच्या हातात आहे.' ही त्यांची ढाल असते. घर विकत घेणं आणि परवाना मिळणं हे दोन वेगळे व्यवहार आहेत. विकताना ते एक करून विकतात आणि बिघडलं की वेगळे करतात. मधल्या साखळीत दलाल त्यांचा, वकील त्यांचा, इंजिनिअर त्यांचा, विक्रेता त्यांच्याच ओळखीचा. घेणाऱ्याच्या बाजूने एकही माणूस बसलेला नसतो. तो एक माणूस, स्वतःच्या पैशाने नेमलेला वकील, पैसे पाठवण्याआधी हवा. त्याची फी आमच्या नुकसानीपुढे काहीच नव्हती.

ग्रीसपुरतंच हे नाही. पोर्तुगालने घरखरेदीचा मार्ग ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद केला, स्पेनने ३ एप्रिल २०२५ पासून योजनाच गुंडाळली, सायप्रसने घराच्या बदल्यात नागरिकत्व देणं २०२० मध्येच थांबवलं. 'पोर्तुगालमध्ये फ्लॅट घ्या, रेसिडेन्सी घ्या' असं आज कुणी म्हणत असेल तर पुढचं ऐकायची गरज नाही. दुबईचंही तसंच. तिथे मिळकतीवर दहा वर्षांचा गोल्डन व्हिसा आहे, पण तो २० लाख दिरहमच्या मिळकतीवर. जुलै २०२५ मध्ये एक लाख दिरहम, म्हणजे साधारण २३ लाख रुपये भरून भारतीयांना आजन्म गोल्डन व्हिसा, अशी बातमी आपल्याकडच्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरली. तिथल्या ओळखपत्र व नागरिकत्व प्राधिकरणाने ती लगेच फेटाळली. आमच्या शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या भावाला त्याच बातमीच्या आधारावर 'नोंदणी फी' मागितली गेली होती. भरण्याआधी तो आमच्याशी बोलला.

कुणी अशा व्यवहारात आधीच अडकला असेल तर तक्रारीबद्दल आमचा अनुभव सांगते. पोलीस ठाण्यात पहिलं उत्तर 'हा दिवाणी वाद आहे' असंच मिळतं. आम्ही आर्थिक गुन्हे शाखेकडे गेलो ते सेमिनारचं छापील पत्रक घेऊन, ज्यावर 'परवान्याची हमी' असे शब्द आहेत. सोबत मुलीच्या जर्मनीतल्या नोकरीबद्दलचे व्हॉट्सॲप संदेश, पैसे परदेशी गेल्याच्या बँकेच्या स्विफ्ट पावत्यांच्या प्रती, ए-टू फॉर्म, मुखत्यारपत्र, दोन्ही खरेदीखतांची भाषांतरं आणि वकिलाचा अहवाल. पैसे घेतले तेव्हाच हेतू वाईट होता हे दाखवणारा कागद असेल तरच भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं ३१८ कलम उभं राहतं, त्यामुळे फोनवर बोलण्याऐवजी सगळं लेखी मागत चला आणि चॅट पुसू नका. परदेशातली मिळकत प्राप्तिकर रिटर्नच्या एफए (परदेशी मालमत्तेच्या) परिशिष्टात दाखवायला विसरू नका, फसलेली असली तरी. ग्रीसमधल्या त्यांच्या वकिलाविरुद्ध आम्ही तिथल्या बार असोसिएशनकडे वेगळी तक्रार दिली आहे, आणि मुखत्यारपत्र रद्द केल्याची नोटीस सगळ्यांना बजावली आहे. हे रद्द करणं पहिल्याच दिवशी करा. ते चालू असेपर्यंत तुमच्या नावाने आणखी सह्या होऊ शकतात.