कायरोप्रॅक्टिक क्लिनिक, सोलापूर: कंबरेला चालेल, मानेला नको, पॅकेज तर अजिबात नको

पाचपैकी तीन स्टार देतोय. कायरोप्रॅक्टिक म्हणजे हातानं मणक्याला, सांध्यांना झटका देऊन दुखणं कमी करायचा उपचार. नाव मुद्दाम टाकत नाही, कारण मला जे सांगायचंय ते एकट्या ह्या दुकानाचं नाही, रीलमधले कडाकड आवाज ऐकून तुम्ही जिथं कुठं जाणार असाल तिथं पण हेच विचारून घ्या.

माझं काम टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाचं, दिवसभर खुर्ची आणि वरनं विजापूर रोडनं टू-व्हीलर, कंबर दुखणार नाही तर काय होईल. क्लिनिक चकाचक, एसी आहे, दिलेल्या वेळेला आत घेतात. तपासणी पण नीट केली, पाय सरळ उचलून बघितले, मुंग्या येतात का, पायातली ताकद गेलीय का, लघवी-संडासवर कंट्रोल आहे ना, सगळं विचारलं, ह्याचे मार्क पूर्ण. मग कुशीवर झोपवलं, गुडघा दुमडला आणि एक झटका, कडाक! असिस्टंट पोरगा लगेच म्हणतो, "बघा सर, हाड जागेवर बसलं." अरे बाबा, हाड कुठं हललं होतं? सांध्यात जे पाणी असतं त्यातलं प्रेशर एकदम कमी होऊन तिथं पोकळी तयार होते त्याचा तो आवाज, कॅनडातल्या संशोधकांनी २०१५ साली बोटाचा सांधा एमआरआयमध्ये ओढून हे बघितलंय. आवाज आला म्हणजे काम झालं असं काही नाही.

आराम पडला का? पडला, खोटं कशाला बोलू, घरी जाताना एकदम हलकं वाटत होतं, पण आठवडा संपायच्या आत परत होतं तसंच. आणि रिसर्च पण साधारण हेच सांगतो. २०१९ ला बीएमजे जर्नलमध्ये ४७ ट्रायल्स एकत्र करून बघितल्या, नऊ हजारावर पेशंट, सगळे जुन्या कंबरदुखीचे, आणि निघालं काय तर मणक्याला झटका देण्याचा फायदा व्यायामासारख्या नेहमीच्या उपचारांइतकाच. नवीन दुखण्यावर २०१७ ला जामा ह्या अमेरिकन मेडिकल जर्नलमध्ये आलं होतं, तिथं १०० च्या स्केलवर दुखणं १० च्या आसपास कमी. म्हणजे अगदीच भोंदूगिरी नाही, पण चमत्कार पण नाही. डब्ल्यूएचओने २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी ह्याला हो म्हटलंय, पण बाकीच्या उपचारांच्या जोडीनं.

आता दोन स्टार कुठं कापले ते सांगतो. बाहेर आलो की काउंटरवरच्या मॅडमनी रंगीत चार्ट पुढं केला, हा मणका म्हणजे पोट, तो मणका म्हणजे बीपी, ह्याला म्हणे सब्लक्सेशन झालंय, म्हणजे मणका जागेवरनं सरकलाय, सगळं पॅकेज घ्या, आगाऊ भरले तर डिस्काउंट, डझनावर टॉवेल विकल्यासारखं. ही सब्लक्सेशनची कल्पना अमेरिकेतल्या डॅनियल पामरची. १८९५ साली आयोवातल्या डेव्हनपोर्टला त्यानं एका झाडूकाम करणाऱ्या माणसाचा मणका दाबला आणि बहिरेपण गेलं असा दावा केला, तिथनं हा धंदा सुरू. मणका सरकल्यामुळं शुगर-बीपी-ॲसिडिटी होते ह्याला आजतागायत धड पुरावा नाही. कंबरेसाठी आलेल्या माणसाला बीपीचं पॅकेज कशाला विकता राव!

मान मी मोडू दिली नाही, आणि आतल्या डॉक्टरांनी वाद न घालता ऐकलं, हे चांगलं. मानेतनं मेंदूला जाणाऱ्या रक्तवाहिनीला चीर पडून स्ट्रोक आल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत, लई क्वचित होतं ते, आणि मान आधीच फाटलेल्या रक्तवाहिनीमुळं दुखत होती का झटक्यामुळं ती फाटली ह्यावर तज्ज्ञांचं भांडण पण आहे, पण साध्या अवघडलेल्या मानेसाठी एवढी रिस्क कोण घेतंय? आमच्या आत्या "मला पण ने की रे" म्हणून मागं लागल्यात, त्यांची हाडं ठिसूळ झालेली, त्यांना स्पष्ट नाही सांगितलं. हाडं ठिसूळ असतील, वर्षानुवर्षं स्टेरॉइड चालू असेल, कॅन्सर झालेला असेल किंवा पाय लुळा पडत असेल तर इकडं फिरकूच नका, आधी ऑर्थोला दाखवा.

शिक्षण विचारायला लाजू नका. डब्ल्यूएचओच्या २००५ च्या गाईडलाईनमध्ये पूर्ण कोर्सला ४२०० तासांच्या पुढं शिकवणी धरलीय, आणि आपल्याकडं ह्या धंद्याला वेगळी सरकारी कौन्सिल नाही, त्यामुळं बोर्डावर काय पण लिहिता येतं. इथल्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, फिजिओथेरपीची डिग्री आहे आणि हे वर्कशॉपमध्ये शिकलो. खरं बोलले, आवडलं. पण मग मला फिजिओच पाहिजे असेल तर जवळच्या साध्या फिजिओकडं जाईन की, तिथं फी कमी आणि व्यायाम पण करून घेतात, इथं व्यायामाचा कागद मी मागितल्यावर दिला.

जायचंच असेल तर एकेक सिटिंगचे पैसे द्या, आगाऊ काही भरू नका. संध्याकाळी गर्दी असते, दुपारी जा. पावती आपण मागितल्याशिवाय देत नाहीत.